चार नटांचं बटण

आत्या खोटं बोलताना बाबांना आयुष्यात एकदाच सापडली, आणि तेही दोन पेन्सिल सेलांवरून.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दोघांत अकरा वर्षांचं अंतर. आजी गेली तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते आणि आत्या सतरा. तेव्हापासून बाबांना अंघोळ घालण्यापासून शाळेच्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. कोर्टात टायपिस्ट म्हणून तिने चौतीस वर्षं काढली. तिच्या कागदात चूक सापडली तर वकील ती दाखवण्याआधी स्वतःचा चष्मा पुसून घेत, असं तिच्या ऑफिसातले लोक सांगत.

ती निवृत्त झाली तेव्हा ऑफिसने एक टेबलावरचं घड्याळ दिलं आणि वर गंमत म्हणून हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम. तुमच्या बोटांना आता काम कुठून मिळणार, म्हणून. राखाडी रंगाचा, साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठा. वरून ठोकळे पडत येतात, ते फिरवून खालच्या रांगेत नीट बसवायचे, एवढाच खेळ. घड्याळ कपाटात गेलं आणि गेम हातात राहिला. आत्या त्याला 'डबी' म्हणायची. दुपारचं जेवण झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून एक तास डबी खेळायची, तेव्हा तिला कुणी हाक मारायची नाही.

आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो, आमचं दार आणि तिचं दार समोरासमोर. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या निम्म्या लिफ्टा त्यांना नावानिशी माहीत होत्या, कुठली दुसऱ्या मजल्यावर कुरकुरते, कुठलीचं दार पावसाळी हवेत फुगतं. साठीला तेही घरी बसले. आणि त्याच सुमारास आत्या सांगू लागली की डबी बिघडली आहे, सेल बदलले तरी चालत नाही.

बाबा म्हणाले, बघतो. ती म्हणाली, राहू दे, जुनी झाली. असं तीन महिने चाललं. मग एकदा तिने बाबांना खणातून चष्मा आणायला सांगितलं. खणात रुमालात गुंडाळलेली डबी होती. बाबांनी सहज कळ सरकवली, तर पडदा उजळला आणि खेळाची ती ओळखीची धून वाजायला लागली. आत्या स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली.

"चालतेय की," बाबा म्हणाले.

"ती चालते," आत्या म्हणाली, "मी चालत नाही."

बाबांनी तेव्हा तिच्या हातांकडे पाहिलं. म्हणजे रोजच पाहत होते, पण पाहिलं तेव्हा. संधिवात तिला बरीच वर्षं होता, गोळ्या चालू होत्या, आणि दुखतं का विचारलं की ती "वयाप्रमाणे" म्हणायची. पण आता बाबांच्या लक्षात आलं की ती चहाचा कप दोन तळव्यांत धरते, नळ मनगटाने फिरवते, आणि दाराची कडी काढायला आईला हाक मारते. बोटं बाहेरच्या अंगाला कलली होती. अंगठ्यांच्या बुडाशी गाठी आल्या होत्या. आणि ती डबी तर पूर्ण अंगठ्यांवर चालणारी.

बाबांनी डबी खिशात घातली आणि घरी आणली.

लिफ्टवाल्या माणसाला बटण म्हटलं की काय सुचणार? त्यांनी डबी उघडली. आत हिरवी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या रेघा, आणि प्रत्येक बटणाखाली एक रबराची टोपी, तिच्या पोटाला काळा ठिपका. बटण दाबलं की तो ठिपका दोन रेघांना जोडतो, बाकी जादू काही नाही. बाबांनी त्या रेघांना केसाएवढ्या तारा डाख देऊन चिकटवल्या, डबीबाहेर काढल्या आणि एका फळीवर लिफ्टची सहा बटणं बसवून त्यांना जोडल्या. बटणं पुष्कळ होती, जुन्या लिफ्टांची, मजल्यांच्या आकड्यांसकट.

आत्याने फळी टेबलावर पुढ्यात घेतली, एक बटण दाबलं आणि म्हणाली, "चौथा मजला आला. आता कुठे जाऊ?"

सगळे हसलो. तिने आणखी दोनदा दाबलं. ठोकळा एकदा हलला, एकदा नाही. मग तिने हात सावकाश टेबलाखाली नेला. लिफ्टचं बटण हे पळत येऊन, हातात पिशव्या घेऊन, कोपराने दाबणाऱ्या माणसांसाठी केलेलं असतं. ते बाबांना इतक्या वर्षांत कधी जड वाटलं नव्हतं.

त्यांनी तारा काढायला घेतल्या आणि तिथे घात झाला. एक तार सुटताना तिच्याबरोबर पट्टीवरची तांब्याची रेघही उचलली गेली. ती जोडायच्या नादात दुसरी गेली. डबी मेली, यावेळी खरोखरची. बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने कारण काढून घेतलं आणि सांगितलं, "अक्कांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते." बाबा साठ वर्षांचे, पण आत्याच्या दारात शाळेतून चिठ्ठी घेऊन आलेल्या पोरासारखे उभे राहिले. आत्याने ऐकून घेतलं.

"मग आता शोध," ती म्हणाली.

तसली डबी बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं. दुकानदारांनी ती हातात घेऊन इकडेतिकडे फिरवली आणि आपल्या लहानपणाच्या गोष्टी सांगितल्या, उपयोगाचं कुणीच काही बोललं नाही. शेवटी एका घड्याळवाल्याने पुलाखालच्या जुन्या बाजारातल्या भंगारवाल्या बाईंचं नाव सुचवलं. बाजार बुधवारी भरतो, आणि त्या बुधवारपासून आमच्या घरात आठवड्याचा तोच एक वार उरला.

भंगारवाल्या बाई पन्नाशीच्या, दोरीत अडकवलेला चष्मा गळ्यात, आणि भोवती पत्र्याचे डबे रचलेले. एका डब्यात नुसते रिमोट, दुसऱ्यात कॅमेऱ्यांची पोटं, तिसऱ्यात संगणकाचे माऊस. बाकी बाजारात माल ढिगाने टाकलेला, यांच्याकडे मात्र प्रत्येक गोष्टीला जागा. त्या भाव करत नसत, आणि कशासाठी हवंय ते सांगितल्याशिवाय वस्तू दाखवत नसत. "सहज" म्हणणाऱ्याला त्या पुढच्या दुकानात पाठवत. बाबांनी आधी डबी दाखवून "अशी एक हवी" एवढंच सांगितलं. कशासाठी, तर दुरुस्तीसाठी. तुम्ही काय करता, तर लिफ्ट. "मग लिफ्टच्या बाजारात जा," बाई म्हणाल्या. तेव्हा बाबांनी आत्याचं सांगितलं. टायपिंगचं, अंगठ्यांचं, आणि आपण डबी मारल्याचंही. बाईंनी ऐकता ऐकता मागून एक बुटांचं खोकं ओढलं. त्यात तसल्याच चार डब्या होत्या. एकीचा पडदा फुटलेला, एकीत पाणी गेलेलं, एकीत सेल पाझरून हिरवा गंज चढलेला, आणि चौथीचं काय झालंय ते बाईंनाही माहीत नव्हतं.

"चार मिळून एक जिवंत होईल," त्या म्हणाल्या. "दोन होणार नाहीत. उगाच हाव धरू नका."

दोन आठवड्यांनी एक जिवंत झाली. एकीची पट्टी, दुसरीचा पडदा, तिसरीचं कवच. गंज काढायला व्हिनेगर आणि दात घासायचा जुना ब्रश. या खेपेला बाबांनी तारांना डाख देताना प्रत्येक सांध्यावर गरम डिंकाचा थेंब टाकला, म्हणजे ओढ बसली तरी रेघ उचलली जाऊ नये.

आता प्रश्न उरला बटणाचा. हलकं हवं, हे कळलं होतं. पण किती हलकं? बाबांना मापाशिवाय चैन पडत नाही. त्यांनी एक साधी पेन्सिल घेतली, तिच्या मध्यावर रबरबँड गुंडाळून गाठ केली, आणि ती फळीतल्या एका भोकातून बटणावर उभी केली. मग लिफ्टच्या दाराच्या पट्टीला लागतात ते मोठे नट त्या पेन्सिलीत एकेक करून वरून ओवायचे. जितक्या नटांना बटण 'टक्' करेल तितक्या नटांचं ते बटण. लिफ्टचं बटण बावीस नटांचं निघालं. टीव्हीच्या रिमोटचं नऊ. माऊसचं सहा ते सात. घरभर टेबलांवर नट सांडलेले असायचे, आणि आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की आमच्या घरात एवढे नट आहेत पण सिनेमा अजून एकही लागला नाही.

मग बाबांनी निरनिराळी बटणं आत्यापुढे ठेवली आणि न दुखता कुठलं दाबता येतं ते विचारलं. दुपारी तिला सहा नटांचं जमायचं. सकाळी बोटं आखडलेली असायची तेव्हा चारांचं. बाबांनी सकाळचा आकडा धरला.

चार नटांचं बटण बाजारात नव्हतं. नव्या बटणांच्या दुकानात त्यांनी पेन्सिल आणि नट खिशातून काढले की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळे. शेवटी पुन्हा भंगारवाल्या बाई. त्यांच्याकडे कुठल्यातरी बंद पडलेल्या कचेरीतून आलेलं माऊसचं पोतं होतं. बाबा फूटपाथवर मांडी घालून बसले आणि एकेक माऊस उघडून पेन्सिल लावत गेले. सकाळी दहापासून दोनपर्यंत. भोवती माणसं जमली, कुणीतरी विचारलं की हे वजन करून विकतात का. बासष्टावा माऊस चार नटांना 'टक्' वाजला. मळकट पांढरा, खालून निळा. तसलेच निळ्या बुडाचे पोत्यात आणखी सहा निघाले. प्रत्येकात दोन बटणं. ते सात माऊस बाईंनी स्वतः कागदात बांधून दिले.

बाबांनी सुरेख पेटी केली. घासलेलं लाकूड, वर मूळ डबीसारखीच रचना, फक्त मोठी. डावीकडे चार दिशांची चार बटणं, उजवीकडे फिरवायची दोन. आत्याने दहा मिनिटं खेळून पेटी बाजूला ठेवली.

"छान आहे," ती म्हणाली.

आत्याचं 'छान' बाबांना चांगलं ठाऊक होतं. ऑफिसातल्या नवशिक्या कारकुनाचा मसुदा ती 'छान आहे' म्हणून ठेवून घ्यायची आणि तो गेला की सगळा नव्याने टाइप करायची. बाबा समोरच्या खुर्चीत बसून राहिले. मी तिथेच होते, तिच्या कपड्यांच्या घड्या घालत. बराच वेळ गेल्यावर आत्याने विचारलं, "हे तू कुणाच्या हातासाठी केलंस?"

"तुझ्या."

"हा हात माझा तीस वर्षांपूर्वीचा आहे, धाकट्या. आणि तेव्हासुद्धा माझे अंगठे कामाचे नव्हते. टायपिस्टला अंगठा फक्त दोन शब्दांत जागा सोडायला लागतो."

बाबा म्हणाले की मूळ डबी अशीच आहे म्हणून असंच केलं. मग खाली बघत म्हणाले, "अक्का, तुझी बोटं माझ्यापायी गेली."

हे त्यांच्या मनात किती वर्षं होतं कोण जाणे. बाबांना तांत्रिक शिक्षणाला घालायचं म्हणून आत्या सुट्टीच्या दिवशी वकिलांचे कागद घरी आणून टाइप करायची. सबंध रविवार तो खडखडाट चालायचा आणि बाबा त्याच खोलीत अभ्यास करायचे. ते आम्हाला हे नेहमी कौतुकाने सांगत. त्याच्या तळाशी असं काही असेल हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आणि मग मला त्या चार महिन्यांचा, नटांचा आणि पोत्यांचा अर्थ लागला.

आत्या जराही हळवी झाली नाही.

"डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय, हे रक्तातलं आहे. आईला होतं. तू लहान होतास, तुला आठवत नसेल, पण शेवटची दोन वर्षं तुझ्या सदऱ्याची बटणं मीच लावायची, कारण तिला लावता येत नव्हती. तिने आयुष्यात टाइपरायटर पाहिलाही नव्हता." मग ती जरा पुढे झुकली. "माझं दुखणं स्वतःच्या नावावर करून घेऊ नकोस. माझ्याकडे माझं असं फार थोडं आहे."

बाबांना आजीचा चेहराही नीट आठवत नव्हता, आणि आता एकदम तिचे हात मिळाले होते. काही वेळाने ते उठले, माझ्याकडून एक मोठा कागद मागून घेतला, टेबलावर पसरला आणि म्हणाले, "हात ठेव. कसेही ठेव. तुला बरं वाटेल तसे."

आत्याने डोळे मिटले आणि हात कागदावर सोडून दिले. ते सरळ पडले नाहीत. डावा जवळ, उजवा बराच लांब आणि तिरका, बोटं वाऱ्याने एका बाजूला लवलेल्या गवतासारखी. बाबांनी पेन्सिलीने कडेकडेने रेघ काढली. मग प्रत्येक बोट उचलायला सांगितलं. डाव्या हाताची तर्जनी चांगली उचलत होती. उजव्याचं मधलं बोट त्या खालोखाल. उजवी अनामिका उचलतच नव्हती. डाव्या तळव्याची करंगळीकडची कड मात्र टेबलावर दाबायला काहीच त्रास नव्हता. चार महिने बाबा बटणं मोजत होते, आत्याची बोटं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोजली.

तिसऱ्या पेटीला पेटी म्हणणंही कठीण. दोन वेगळे लाकडी तुकडे, दोन्ही वेगवेगळ्या कोनात उतरते, खाली घसरू नये म्हणून रबर. डाव्या तर्जनीखाली 'डावीकडे', उजव्या मधल्या बोटाखाली 'उजवीकडे', डाव्या तळव्याच्या कडेखाली 'फिरव'. ठोकळा झपकन खाली टाकायचं बटण कुठे बसवू, असं बाबांनी विचारलं, तर आत्या म्हणाली, ते नको. ठोकळा आपोआप पडतोच, त्याला घाई कशाला.

पहिल्या दिवशी ती खेळायला बसली तेव्हा बाबा मुद्दाम आमच्या घरात येऊन बसले. दोन्ही दारं उघडी होती. पलीकडून बारीक टकटक येत होती, मधे थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. बाबा वर्तमानपत्राचं एकच पान धरून होते. चाळीस मिनिटांनी आवाज थांबला. ते गेले तेव्हा आत्या चष्मा पुसत होती.

"डावीकडचं अर्धं बोट खाली घे," ती म्हणाली. एवढंच. छान म्हणाली नाही, म्हणून बाबा खुशीत परत आले.

इथे ही गोष्ट संपली असती. पण आत्याला व्यायाम द्यायला रुग्णालयातून एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायच्या. त्यांनी तो प्रकार पाहिला, स्वतः खेळून पाहिला, आणि पुढच्या खेपेला विचारलं की त्यांच्याकडे एक न्हावीकाका येतात, त्यांच्यासाठी असं काही होईल का. न्हावीकाकांचे हात थरथरायचे. धंदा सुटला होता आणि ते दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. बाबांनी उत्साहाने चार नटांची बटणं लावून पेटी केली आणि ती साफ फसली, कारण थरथरत्या हाताला हलकं बटण म्हणजे शिक्षाच. नुसता हात ठेवला तरी दहादा दाबलं जायचं. त्यांना उलट जड हवं होतं, आणि बोट बटणावर नेऊन टेकवता येईल अशी भोवती कड. शेवटी कारखान्यातल्या एका मोडीत काढलेल्या यंत्राच्या पॅनेलवरची खोलगट बटणं मिळाली, अठरा नटांची. न्हावीकाका पहिल्याच दिवशी हरले आणि इतके चिडले की त्यांच्या मुलीला रडू आलं. वडील कित्येक महिन्यांत कशावरच चिडले नव्हते, असं तिने फोनवर सांगितलं.

सहा वर्षांत बाबांनी चौदा पेट्या केल्या, आणि एकीचं काही दुसरीला लागलं नाही. एका माणसाला फक्त डावा हात होता. एका शिक्षिकेला हनुवटीने खेळायचं होतं. सगळं जमलंच असंही नाही. एका तरुणीला फक्त पायाचा अंगठा हलवता येत होता, तोही जेमतेम. तिच्यासाठी बाबा दीड वर्ष शोधत होते. जे मिळायचं ते एकतर तिला दाबता यायचं नाही, नाहीतर श्वासानेही दाबलं जायचं. शेवटी तिच्या वडिलांनीच येऊन सांगितलं की आता राहू द्या, तिची उमेद दर वेळी वर जाते आणि खाली येते, ते बघवत नाही. बाबांनी तिच्या पायाचा काढलेला कागद फाडला नाही. तो अजून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्याच्यावर ते चहाचा कप कधी ठेवत नाहीत.

या सगळ्यात आत्याला कधी काम लागलं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाजारातून आलेली बटणं बाबा तिच्यापुढे ओतायचे आणि ती एकेक दाबून पाहायची. पेन्सिल आणि नट वजन सांगायचे, पण बाकीचं आत्या सांगायची. हे ओलं आहे, म्हणजे दाबल्यावर सावकाश वर येतं. हे भांडखोर आहे. हे खोटं बोलतं. खोटं बोलतं म्हणजे टक् आवाज होतो पण आत जोड लागत नाही, किंवा जोड लागून गेल्यावर आवाज येतो. बाबांनी पहिल्यांदा ते हसण्यावारी नेलं. मग मीटर लावून पाहिलं, तर दहापैकी नऊदा तिचं बरोबर. चौतीस वर्षं एका कळीवरून दुसरीवर न बघता गेलेली बोटं वाकडी झाली होती, पण त्यांना कळायचं बंद झालं नव्हतं. खोट्या बटणांसाठी तिने वेगळा डबा केला आणि भंगारवाल्या बाईंनी तो परत घ्यावा असा निरोप पाठवला. बाईंनी घेतला. एकदा त्या स्वतः घरी आल्या, आत्याला पाहायला. दोघी तासभर बसल्या. काय बोलल्या ते बाबांना सांगितलं नाही, पण त्यानंतर बुधवारी बाबांना वेगळा काढून ठेवलेला माल मिळायला लागला आणि वर चिठ्ठी: 'अक्कांना दाखवा.'

दरम्यान त्या राखाडी डब्यांचा तुटवडा झाला. जुन्या वस्तू जमवणारे लोक त्या काचेच्या कपाटात ठेवायला नेऊ लागले. बाबांना त्यांचा राग येतो. खेळायची गोष्ट कपाटात ठेवून माणूस काय करतो, असं ते म्हणतात. मी त्यांना एकदा म्हटलं की तुम्ही त्याच डब्या मोडून त्यांच्या तारा बाहेर काढता, ते लोक तुम्हाला काय म्हणत असतील.

आणि आत्याचा आकडा उतरत गेला. चारचे तीन झाले. तीन नटांची बटणं बाबांनी स्वतः केली, चार नटांच्या बटणाची आतली पितळी पाती घासून. मागच्या वर्षी दोन झाले. दोनाला पाती इतकी पातळ करावी लागे की आठवड्यात तुटायची. आत्या खेळ कमी करायला लागली. डबी बिघडली असं मात्र ती यावेळी म्हणाली नाही. ती सरळ म्हणाली, "आज होत नाही."

हात लावला की लागणारे दिवे बाबांना माहीत होते. त्यात दाबणं नसतंच, नुसता स्पर्श. असे दोन मेलेले दिवे बाजारातून आणून त्यांनी त्यातले भाग काढले आणि बटणांच्या जागी नाण्याएवढ्या तांब्याच्या चकत्या बसवल्या. मनात म्हटलं, आता नटांचा हिशेबच मिटला. आत्याने बोट टेकवलं, ठोकळा सरकला. तिने पाच मिनिटं खेळून मान हलवली.

"दुखत नाही," ती म्हणाली. "पण मी काही केलं, असंही वाटत नाही. आपलं आपणच चाललंय. मी इथे नसले तरी चालेल असं वाटतं."

बाबा त्यावर तीन आठवडे अडकून होते. बोटाला जोर लावता येत नाही आणि जोर लावल्याशिवाय बोटाला कळत नाही. मग त्यांना सुचलं की कळायचं काम बोटाऐवजी कानाने केलं तर? चकतीला स्पर्श झाला की आधी एक छोटी रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारी कळ, चालू व्हावी, तिच्या आत खरोखरच एक पाती हलावी आणि खरोखर जोड लागावा, आणि मगच ठोकळा हलावा. लिफ्टमध्ये असल्या रिले शेकड्याने असतात. पण त्या मोठ्या, आणि आत्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की आवाज उशिरा येतो. आम्हाला काही वेगळं ऐकू येईना. ती मात्र ठाम होती.

भंगारवाल्या बाईंनी दोन बुधवार 'नाही' म्हणून हात हलवले. तिसऱ्या बुधवारी त्यांनी जुन्या टेलिफोन केंद्रातून निघालेल्या काही पट्ट्या पुढे केल्या. त्यांच्यावर काचेच्या बारीक नळ्या होत्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या लांब, आणि प्रत्येक नळीत केसाएवढ्या दोन पात्या. वीज आली की पात्या एकमेकींना चिकटतात, आणि काचेवर नखाने टिचकी मारावी तसा आवाज होतो. काढताना बाबांनी चार फोडल्या. तीन नीट निघाल्या.

त्या बसवल्या तो दिवस मला आठवतो, कारण आत्याला त्या दिवशी बरं नव्हतं आणि आई म्हणत होती की उद्या दाखवा. पण आत्याने खुर्ची ओढायला सांगितलं. हात ठेवले. आता ते आणखी तिरके पडतात, बाबांना कोन बदलावे लागले होते. तिने डाव्या तर्जनीने चकतीला नुसतं शिवलं. टिक्. पुन्हा शिवलं. टिक्. मग ती डोळे मिटून चकत्यांवर नुसतीच बोटं फिरवत राहिली, डावी, उजवी, कड, उजवी, डावी. पडद्यावर ठोकळे कसेही रचले जात होते, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. डाव हरल्याची धून वाजली तेव्हा तिने डोळे उघडले.

"परत लाव," ती म्हणाली. "आता खेळते."

आज आत्या एकोणऐंशी वर्षांची आहे आणि बाबा अडुसष्टचे. ती रोज खेळत नाही. आठवड्यातून तीनचार दुपारी, वीस मिनिटं, कधी तीस. पूर्वीच्या मानाने तिचा खेळ बराच साधा झाला आहे, ती लवकर हरते, आणि त्याचं तिला वाईट वाटतं, पण फार नाही. न्हावीकाका गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलीने पेटी परत आणून दिली आणि बाबांनी पेटीची बटणं काढून डब्यात ठेवली, कुणाला तरी लागतील म्हणून.

गेल्या रविवारी कडेच्या चकतीची रिले अडकली. पात्या चिकटल्या त्या सुटेचनात. बाबांनी ती काढून उजेडात धरली, हळूच टिचकी मारली, पण उपयोग झाला नाही. आत्या बघत होती. बाबा म्हणाले की बुधवारी जाऊन एक घेऊन येतो.

"दोन आण," आत्या म्हणाली. "एक तू फोडशील."